रात्रीची जागा दुपारीच : मोटारहोममधून युरोप

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला "युरोप प्रवासाचे अनुभव" असा विषय दिला होता. पण आयफेल टॉवर आणि स्वित्झर्लंडचा बर्फ इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलाय, उरलेल्यांनी फोटोत पाहिलाय. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. रात्री गाडी कुठे लावायची? मोटारहोममधून फिरताना सगळं त्यावर अवलंबून असतं, आणि नेमकं त्याबद्दलच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. सौ.ना १४ वर्षं इन्सुलिन चालू आहे, आणि गुडघे आता जिने चढू देत नाहीत. कंपनीबरोबरची सहल म्हणजे सकाळी साडेसहाला बॅगा दाराबाहेर, रोज नवं हॉटेल, जेवण कधी दोनला तर कधी चारला. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, की आता माझं फिरणं संपलं, तुम्ही एकटे जाऊन या. मुलगी आणि जावई स्टुटगार्टजवळ राहतात. मोटारहोमची कल्पना मुलीची. घरच बरोबर न्यायचं: आपला बिछाना, आपला फ्रिज, आपलं स्वयंपाकघर, संडास चार पावलांवर. आईला पोळी-भाजी वेळेवर मिळेल आणि वाटेल तेव्हा पडता येईल.

२०२४ च्या मे महिन्यात ६ तारखेला निघालो आणि २४ ला परतलो. म्हणजे १८ रात्री. मोझेल नदीचं खोरं, मग फ्रान्सचा अल्सास प्रांत, मग स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन, शेवटी बोडेन्से म्हणजे कॉन्स्टन्सचा तलाव. गाडीत पाच जण: आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि साडेचार वर्षांची नात. चालवायचे जावई. रोजची जागा शोधण्याचं खातं माझ्याकडे होतं.

आता दोन शब्द समजून घ्या. कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे ओढायची खोली. मोटारहोम म्हणजे गाडी आणि घर एकच. आपल्या एस.टी.च्या भाषेत सांगायचं तर मुक्कामी गाडी! रात्री गावात वस्तीला थांबणारी, ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच झोपणार, सकाळी पहिली फेरी घेऊन निघणार. मुक्कामी गाडीला काय लागायचं? सपाट जागा, पाणी, जवळपास सोय, आणि गावाची हरकत नको. मोटारहोमलाही एवढंच लागतं.

ज्या आखलेल्या जागेवर गाडी लावायची तिला इंग्रजीत पिच म्हणतात. क्रिकेटचं नव्हे, पण तेवढीच मोजूनमापून दिलेली. या जागा तीन प्रकारच्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली की त्रास होतो.

पहिली, कॅम्पसाइट. कुंपण, फाटक, ऑफिस, गरम पाण्याच्या आंघोळी, कपडे धुण्याचं मशीन, मुलांसाठी घसरगुंडी. इथे तुम्ही खुर्च्या टाका, छत बाहेर काढा, दोरीवर पंचे वाळत घाला. कॅरॅव्हॅन, तंबू, सगळ्यांना प्रवेश. सीझनमध्ये एका कुटुंबाला एका रात्रीचे ३०-४० युरो सहज होतात, तलावाकाठी त्याहून जास्त.

दुसरी, फक्त मोटारहोमसाठी गावानं राखलेली जागा. जर्मनीत तिला श्टेलप्लाट्झ म्हणतात, फ्रान्समध्ये एर, इटलीत आरेआ दी सोस्ता. डांबरी किंवा खडीचं मैदान, रेघा मारलेल्या, कोपऱ्यात पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि सांडपाणी ओतायची जाळी. बहुतेक ठिकाणी आंघोळीची सोय नाही, माणूसही नाही. एक मशीन असतं, त्यात पैसे टाकायचे. साधारण १० ते २० युरो, फ्रान्समधल्या लहान गावांत कधी फुकटसुद्धा. गावाचा हिशोब साधा आहे: तुम्ही रात्र काढाल तर सकाळी पाव त्यांच्याच बेकरीतून घ्याल.

तिसरी, साधं पार्किंग. आणि इथेच कायदा नीट समजून घ्यायला हवा. आपल्या सोसायटीचं व्हिजिटर पार्किंग डोळ्यांपुढे आणा. पाहुण्यानं गाडी लावली तर वॉचमन काही म्हणत नाही. पण त्यानं तिथे सतरंजी टाकून स्टोव्ह पेटवला, तर पुढच्या मिटिंगमध्ये विषय येणारच! जर्मनीत नेमकं असंच आहे. जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे, चालकाचा थकवा जावा म्हणून, एक रात्र गाडीत झोपलेलं चालतं. पण खुर्ची बाहेर आली, छत उघडलं, की ते कॅम्पिंग झालं, आणि त्याला परवानगी नाही. क्रोएशियात तर कॅम्पसाइटबाहेर रात्र काढली की सरळ दंड. नॉर्वे-स्वीडनमध्ये निसर्गात कुठेही राहण्याचा परंपरागत हक्क आहे असं आपण ऐकतो. ते खरं आहे, पण तो हक्क पायी फिरणाऱ्याचा आणि तंबूचा. गाडी रानात घालण्याचा नाही. ही अर्धवट माहिती घेऊन बरेच लोक जातात.

हमरस्त्यावरच्या विश्रांतीच्या जागी रात्र काढू नये, हे माझं स्पष्ट मत. ट्रक रात्रभर येत-जात असतात, आणि चोऱ्यांच्या तक्रारीही अशाच ठिकाणच्या जास्त. फाट्यावरून पाच-सात किलोमीटर आत गेलं की एखादं शांत गाव मिळतं.

आता बुकिंग. मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच: सगळ्या रात्री आधी बुक करायच्या का? आम्ही १८ पैकी ११ केल्या, ७ मोकळ्या ठेवल्या. कोणत्या ११, ते महत्त्वाचं.

आपली सुट्टी मे महिन्यात. तिकडची गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे आपल्याला वाटतं, मेमध्ये सगळं रिकामं असणार. बहुतांशी असतंही. पण मे-जूनमध्ये तिकडे दोन सण येतात. एक ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा, ईस्टरनंतर ३९व्या दिवशी, नेहमी गुरुवारी. शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस मोकळे. दुसरा पेंटेकोस्ट, त्यानंतर दहा दिवसांनी रविवारी, आणि सोमवारी सुट्टी. ईस्टर आपल्या सणांसारखा चंद्रावर ठरतो, म्हणून या तारखा दर वर्षी सरकतात. २०२४ मध्ये त्या ९ आणि १९ मे होत्या. २०२६ मध्ये १४ आणि २४ मे आहेत, २०२७ मध्ये ६ आणि १६ मे. कोणी जाणार असाल तर लिहून घ्या. त्या दिवसांत अर्धी जर्मनी घर मागे लावून बाहेर पडते. शिवाय बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दक्षिणेकडच्या दोन राज्यांत पेंटेकोस्टनंतर शाळांना जवळपास दोन आठवडे सुट्टी असते. त्या काळात बोडेन्सेला आणि इटलीतल्या गार्डा तलावाला आयत्या वेळी जागा मिळणं फार कठीण.

एस.टी.त असताना आषाढीच्या जादा गाड्यांचं नियोजन आम्ही आषाढीला करायचो का? तसंच हे. ८ ते ११ मे मोझेलकाठची कॅम्पसाइट, १७ ते २० मे लाउटरब्रुनेन आणि लगेच पुढच्या तीन रात्री बोडेन्से, या आम्ही फेब्रुवारीतच पक्क्या केल्या. बाकीच्या सात रात्री मोकळ्या, कारण सौ.ना एखादं गाव आवडलं तर आणखी एक दिवस थांबता यावं. सहल त्यांच्या चालीनं व्हायला हवी होती. सगळं बुक केलं असतं तर कंपनीच्या सहलीत आणि आमच्यात फरक काय राहिला असता?

मोकळ्या रात्रींसाठी माझा नियम होता: एकाला तीन. सकाळच्या चहाबरोबर तीन नावं वहीत लिहायची. पहिली पसंती, तिच्यापासून १५ किलोमीटरच्या आत दुसरी, आणि तिसरी नदी किंवा तलाव सोडून आतल्या बाजूची. कारण गर्दी पाण्याला चिकटून असते. टेकडीवर गेलं की जागा असते.

हा नियम पहिल्यांदा उपयोगी पडला ७ मेला. मोझेलकाठच्या एका गावात पोचलो तर श्टेलप्लाट्झवर साखळी लावलेली. सणाच्या जत्रेसाठी मैदान घेतलेलं, पाळणे उभे करायचं काम चालू. असं नेहमी होतं, कारण गावाचं मैदान म्हणजेच श्टेलप्लाट्झ. दुसरी जागा भरलेली, तिथे बोर्डच लटकवलेला: बेलेग्ट. हा शब्द लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये काँप्ले, इटलीत कॉम्प्लेतो. जावईबापू जरा चिडले होते, नात भुकेली, सौ.च्या इन्सुलिनची वेळ दीड तासावर. पण घड्याळात साडेतीनच वाजले होते. तिसरं नाव होतं वरच्या अंगाला एका द्राक्षबागायतदाराचं आवार. मोझेलच्या खोऱ्यात असे बरेच वाइन करणारे शेतकरी आपल्या घरामागे पाच-सहा गाड्यांना जागा देतात. चारला आम्ही तिथे उभे होतो. म्हातारबुवांनी नळ दाखवला, पैसे डब्यात टाका म्हणाले, आणि नातीला कोंबड्या बघायला घेऊन गेले. सहाच्या आत वरण-भात झाला होता.

हेच आम्ही सातला पोचलो असतो तर? म्हणून म्हणतो, रात्रीची जागा दुपारीच शोधायची. त्यामागे साधं गणित आहे. श्टेलप्लाट्झवर सहसा आगाऊ बुकिंग नसतं, जो येईल त्याची जागा. आदल्या रात्रीचे लोक सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान निघतात. चांगल्या ठिकाणी चार-पाचला मैदान भरतं. म्हणजे बारा ते चार ही आपली वेळ. कॅम्पसाइटचं मात्र वेगळं. जर्मनीत पुष्कळ कॅम्पसाइट दुपारी एक ते तीन वामकुक्षी घेतात, अगदी पुणेकरांसारखी! ऑफिस बंद, फाटकाचा दांडा खाली, गाडी आत येऊ देत नाहीत. तिथे तीनच्या ठोक्याला हजर व्हायचं. रात्री दहानंतर सगळीकडे शांतता. मोठ्यानं फोनवर बोललात तर शेजारची आजी जाळीतून बघते.

आता जागा मिळाल्यावरची गोष्ट. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडी समतल उभी हवी. झोपताना डोकं खाली जाऊ नये हे आहेच, पण मुख्य कारण फ्रिज. आमच्या मोटारहोममधला फ्रिज तिन्हीवर चालायचा: गाडी चालू असताना बॅटरीवर, थांबल्यावर बाहेरच्या विजेवर किंवा गॅसवर. या जातीच्या फ्रिजमध्ये आपल्या घरच्यासारखा कॉम्प्रेसर नसतो. आतला द्रव उष्णतेनं वर जातो आणि उतारानं खाली येतो. गाडी फार कलली की ते चक्र अडतं आणि गारवा येत नाही. सौ.ची न उघडलेली इन्सुलिनची पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची होती. म्हणून मी खिशात छोटी पाणसळ ठेवायचो, गवंड्याकडे असते तशी, आणि फ्रिजमध्ये थर्मामीटर. जागा पसंत करण्याआधी पाणसळ फ्रिजच्या तळाशी.

सणाच्या दिवसांत आम्हाला एका कॅम्पसाइटवर, बुकिंग असूनही, चांगलीच उतरती जागा दिली. बदलून मागितली तर बाई म्हणाल्या, उद्या बघू, आज सगळं भरलंय. मुलीनं जर्मनमध्ये इन्सुलिनचं सांगितलं. मग त्यांनी स्वतः येऊन पाहिलं आणि प्लास्टिकच्या पाचरी आणून दिल्या. पुढची चाकं त्यांवर चढवली आणि पाणसळीचा बुडबुडा मधे आला. रात्री दोनदा उठून थर्मामीटर पाहिला. पाच अंश. पाचरी गाडीत असतातच, पण आमच्या दोन होत्या आणि तिथे चार लागत होत्या. भाड्यानं गाडी घेताना मोजून घ्या.

विजेचंही सांगतो, कारण आपल्याला चहा लागतो. कॅम्पसाइटच्या खांबावर निळा, तीन पिनांचा गोल सॉकेट असतो. पण प्रत्येक ठिकाणी वीज सारखी मिळत नाही. जर्मनीत बहुतेक १० किंवा १६ अँपिअर, फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी फक्त ६. सहा गुणिले २३० व्होल्ट, म्हणजे १३८० वॅट. तिकडची पाण्याची किटली २००० वॅटची असते. लावली की फ्यूज गेला, आणि कधी कधी शेजाऱ्याचाही! चहा गॅसवर करा. कुकर, फोडणी, सगळं गॅसवर होतं. आणि विजेची वायर रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका, तापते. पूर्ण उलगडायची.

दुसरा विषय जरा संकोचाचा, पण बोलायलाच हवा. संडासाची टाकी सुटकेससारखी ओढून काढायची असते, साधारण १८-२० लिटरची. पाच माणसांत दीड-दोन दिवसांत भरते. म्हणजे जागा निवडताना किमान एक दिवसाआड ती रिकामी करण्याची सोय असलेलं ठिकाण हवंच. हे काम जावयानं केलं. जावयाला असं काम सांगायला मला अवघड वाटत होतं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही जागा शोधता, मी टाकी नेतो, हिशोब बरोबर." मी मधे पडलो नाही.

जागा शोधण्याची साधनं भरपूर आहेत. पार्कफॉरनाइट नावाचं ॲप फ्रेंच लोकांनी काढलेलं, त्यात प्रवाशांनी स्वतः टाकलेल्या जागा आणि फोटो असतात. त्यातले शेरे वाचताना तारीख बघा. गेल्या महिन्यातला एक शेरा तीन वर्षांपूर्वीच्या वीस शेऱ्यांपेक्षा कामाचा. उपग्रहाचं चित्रही उघडून बघा, रेल्वेलाइन दिसते. ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि रात्रभर मालगाड्या धावतात. किल्ले सुंदर, झोप शून्य. सीझनबाहेर जाणाऱ्यांसाठी एसीएसआय या डच संस्थेचं सवलतीचं कार्ड आहे. त्यात ठरलेल्या कमी दरात दोन मोठी माणसं, जागा आणि वीज मिळते, जादा माणसांचे वेगळे. ऐन गर्दीच्या दिवसांत ते चालत नाही. आणि फ्रान्समध्ये फ्रान्स पास्यों म्हणून एक योजना १९९३ पासून आहे. शेतकरी आणि वाइनवाले सभासद मोटारहोमना एक रात्र आपल्या आवारात फुकट राहू देतात. विकत घ्यायची सक्ती नाही, पण दारात जाऊन नमस्कार करायचा हा संकेत. गाडीत स्वतःचा संडास हवाच.

अल्सासमधल्या पाच रात्री आम्ही अशाच काढल्या. कायझर्सबर्ग गावात मोटारहोमसाठी गावाच्या कडेला वेगळी जागा आहे, तिथून बाजारपेठ चालत. आसपासच्या गावांत धुराड्यांवर करकोच्यांची घरटी. सौ. पहिल्यांदाच म्हणाल्या, उद्या पुढे जायला नको, इथेच राहू. राहिलो. वहीतली ती तिन्ही नावं मी खोडून टाकली, आणि एवढ्या आनंदानं मी आजवर कुठलंही वेळापत्रक खोडलेलं नाही.

ज्यांचं तिकडे कोणी नाही त्यांच्यासाठी. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून रद्द करता येणारी कॅम्पसाइटची बुकिंग आणि गाडीच्या भाड्याची पावती जोडा. सर्वांत जास्त रात्री ज्या देशात, त्याच देशाकडे अर्ज. विमा किमान ३०,००० युरोचा. स्वतः चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो, मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. गाडी सामानासकट ३५०० किलोच्या आत हवी. कुकर, तांदूळ, लोणची यांचं वजन त्यात धरा! आणि साधारण तीन मीटर उंचीची गाडी आहे हे विसरू नका. फ्रान्समध्ये कित्येक पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरवर आडवी दांडी असते.

एवढं पुरे. ती वही, पाणसळ, निळा प्लग आणि नाण्यांचा बटवा मी तिकडे टेबलावर मांडून ठेवलाय. पाण्याच्या आणि विजेच्या मशिनांना अजूनही ५० सेंट आणि एक युरोची नाणी लागतात, म्हणून बटवा. चहा येईपर्यंत बघून घ्या. आणि इन्सुलिनबद्दल, जेवणाच्या वेळांबद्दल काही विचारायचं असेल तर सौ. पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील.